हिरवा, पिवळा, लाल : डोळ्यातल्या तंतूंच्या थराचं ‘नॉर्मल’ ठरतं कसं?

बेळगावात डोळ्यांच्या दवाखान्यातून बाहेर पडणाऱ्या फाईलमध्ये हल्ली एक रंगीत कागद हमखास असतो. दोन्ही डोळ्यांची गोल चित्रं, चार नि बारा भागांत कापलेली. खाली दोन उंचवटे असलेली वळणदार रेघ. आणि वरच्या चौकोनात ९२ किंवा ८८ असा एखादा आकडा. दवाखान्याची पाटी कन्नडमध्ये, रिपोर्ट इंग्रजीत, डॉक्टरांचं बोलणं निम्मं मराठी निम्मं कन्नड, आणि घरी येऊन तो कागद उलटसुलट करून बघणारा माणूस मराठी. त्याला कळतो फक्त रंग. हिरवा असला की हुश्श, लाल असला की रात्रभर झोप नाही, आणि पिवळा असला तर पुण्याच्या भाच्याला फोटो पाठवायचा.

असे कागद काढणाऱ्या एका मशीनमागे मी बसतो. डॉक्टर नव्हे, चष्म्याचा नंबर काढणारा, डोळ्याचा दाब बघणारा, स्कॅन काढून देणारा माणूस. ‘नॉर्मल आहे का वो?’ हा प्रश्न मला रोज येतो. ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणून मोकळं होता येतं, पण त्या कागदावर हे ‘नॉर्मल’ आलं कुठनं, ते ठरवलं कुणी, कुणाच्या डोळ्यांवरून, हे समजल्याशिवाय त्या हो-नाहीला फारसा अर्थ नसतो. माझं मत आधीच सांगतो. रंग म्हणजे तुमची अनोळखी लोकांशी केलेली तुलना आहे. ती कामाची आहे, पण तुमच्याच जुन्या कागदाशी केलेली तुलना तिच्यापेक्षा कितीतरी भरवशाची.

आधी मोजतात काय ते बघू.

डोळ्याच्या आतल्या मागच्या भिंतीवर जो पातळ पडदा असतो, त्याच्या सगळ्यात आतल्या बाजूला मज्जातंतूंचा एक थर पसरलेला असतो. पडद्यावर पडलेल्या चित्राची बातमी मेंदूकडे नेणारे हे तंतू. एका निरोगी डोळ्यात ते साधारण १० ते १२ लाख असतात. पडद्याच्या सगळ्या बाजूंनी ते एका गोल चकतीकडे येतात, तिथं मागं वळतात आणि त्यांचीच मिळून डोळ्याची मुख्य नस होते. चकतीकडे येणाऱ्या या थराची जाडी म्हणजे कागदावरचा तो आकडा. तो मायक्रॉनमध्ये असतो. एका मिलिमीटरमध्ये हजार मायक्रॉन. म्हणजे ९५ चा अर्थ मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही थोडं कमी.

काचबिंदूत हेच तंतू हळूहळू मरतात. दुखत नाही, लाल होत नाही, समोरचं बराच काळ स्वच्छ दिसतं. नजरेच्या कडा किती शाबूत आहेत हे बघायची जी ठिपक्यांची तपासणी असते, तीत दोष उमटेपर्यंत पेशींचा पाव ते एक-तृतीयांश भाग गेलेला असू शकतो. गेलेले तंतू परत येत नाहीत. भारतात चाळिशीपुढच्या लोकांत काचबिंदूचे सुमारे १ कोटी १२ लाख रुग्ण असावेत असा २०१० सालचा अंदाज आहे. म्हणून थर पातळ होतोय का, हे नजर जायच्या आधी कळण्याला एवढं महत्त्व.

आता हा थर सगळीकडे सारखा जाड नसतो, आणि सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. आठवडी बाजाराच्या दिवशी बेळगावकडे येणारे रस्ते डोळ्यांपुढे आणा. काकतीकडून, सांबऱ्याकडून, येळ्ळूरकडून, उचगावकडून माणसं निघालेली. गावाजवळ रस्ता मोकळा असतो, शहर जवळ येईल तशी वाटेतल्या फाट्यांवरून माणसं मिळत जातात आणि दाटी वाढते. आता शहरात किती माणसं येतात हे मोजायचं असेल तर तुम्ही उभे कुठं राहणार? मनाला येईल तिथं उभं राहून चालणार नाही. शहराभोवती ठरावीक अंतरावर एक गोल आखायचा आणि त्या गोलावरच नाके लावायचे. उद्या मोजणारा दुसरा आला तरी नाके तेच. डोळ्यातही नेमकं हेच करतात. चकती मध्यावर धरून तिच्याभोवती साधारण साडेतीन मिलिमीटर व्यासाचं वर्तुळ आखतात; एका प्रचलित यंत्रात ते ३.४६ मिलिमीटरचं आहे, जुन्यात ३.४ चं होतं. त्या वर्तुळावर जिथं जिथं थर ओलांडला जातो, तिथं तिथं जाडी घेतात.

एक हिशोब मला फार आवडतो. ३.४६ मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळाचा परीघ जवळजवळ ११ मिलिमीटर. त्याला ९५ मायक्रॉन सरासरी जाडीनं गुणलं तर क्षेत्रफळ येतं जेमतेम एक चौरस मिलिमीटर. एका डोळ्यानं जे जे दिसतं, राजहंसगडापासून ताटातल्या मिठापर्यंत, ते सगळं एवढ्याशा जागेतून पलीकडे जातं.

सगळ्या नाक्यांवर गर्दी मात्र सारखी नसते. पडद्याच्या मधोमध, बारीक अक्षर वाचायची जी जागा असते, तिच्यावरून लांबच्या तंतूंना रस्ता नाही. कानाच्या बाजूचे तंतू त्या जागेला वळसा घालतात. निम्मे वरून, निम्मे खालून कमानीसारखे येतात. म्हणून चकतीच्या वर आणि खाली थर सगळ्यात जाड असतो. नाकाच्या बाजूला बराच कमी आणि कानाच्या बाजूला बहुधा सर्वांत कमी, कारण तिथून मधल्या जागेचे बारीक तंतू सरळ येतात. निरोगी माणसात साधारणपणे खालची बाजू १२० ते १३०, वरची त्याच्या आसपास किंवा किंचित कमी, नाकाची आणि कानाची ६५ ते ८५ यांच्या दरम्यान. वर्तुळ उलगडून सरळ पट्टी केली की दोन उंचवटे दिसतात. कागदावरची ती वळणदार रेघ म्हणजे हीच. काचबिंदू बहुधा या उंचवट्यांनाच आधी कुरतडतो, त्यातही खालच्याला जास्त. त्यामुळे नुसती सरासरी बघून समाधान मानणारा माणूस एका बाजूला पडलेली खाच चुकवू शकतो.

मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा थर, तोही जिवंत डोळ्यात, मोजायचा कसा? पूर्वी मोजत नव्हते, बघत होते. हिरव्या उजेडात पडद्याचा काळा-पांढरा फोटो काढला की निरोगी तंतू चमकदार रेघांसारखे दिसतात आणि गेलेल्या जागी काळपट पट्टा. काचबिंदूत असे पट्टे दिसतात हे विल्यम हॉइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये दाखवलं. पण फोटोत पट्टा दिसायला बराच थर जावा लागतो, आणि दोन डॉक्टर एकाच फोटोवर दोन मतं देऊ शकतात.

१९९१ मध्ये अमेरिकेत डेव्हिड हुआंग, जेम्स फुजिमोटो, एरिक स्वॉन्सन आणि सहकाऱ्यांनी ओसीटी नावाची पद्धत जाहीर केली. या तिघांना त्यासाठी २०२३ चा लास्कर पुरस्कार मिळाला. तत्त्व असं : न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशाचा एक बारीक झोत दोन वाटांनी सोडायचा, एक डोळ्यात, दुसरा आरशाकडे. डोळ्यातल्या प्रत्येक थरावरून थोडाथोडा प्रकाश परत फिरतो. वरच्या थरावरून आलेला आधी, खालच्यावरून आलेला किंचित उशिरा. हा उशीर इतका सूक्ष्म असतो की कुठल्याही घड्याळानं तो पकडता येत नाही. म्हणून परतलेला प्रकाश आरशाकडून आलेल्या प्रकाशात मिसळतात आणि दोघांच्या लाटा कुठं जुळतात, कुठं एकमेकींना मारतात, यावरून खोली काढतात. तंतूंचा थर प्रकाश भरपूर परतवतो, त्यामुळे स्कॅनमध्ये तो ठळक पट्टा दिसतो. संगणक त्याच्या वर एक रेघ मारतो, खाली एक रेघ मारतो. दोन रेघांतलं अंतर म्हणजे जाडी.

स्कॅन म्हणजे एकेका बिंदूची खोली टिपणाऱ्या उभ्या ओळी शेजारी शेजारी लावलेल्या. जुन्या यंत्रात तो आरसा खरोखर पुढंमागं हलायचा आणि सेकंदाला अशा ४०० ओळी निघायच्या. नंतरच्या पिढीत आरसा स्थिर राहिला, आणि अशा एका यंत्रात सेकंदाला २७,००० ओळी निघू लागल्या. डोळा हलायच्या आत काम उरकतं.

उरकतं म्हणायचं, पण खुर्चीत बसलेल्या माणसाला विचारा. परवा वडगावचे एक विणकर आले होते, साठीचे. जन्म मागावर गेलेला, डोळे कोरडे ठणठणीत. हनुवटी पट्टीवर, कपाळ वरच्या पट्ट्याला टेकवलेलं. ‘मामा, आत हिरवी फुली दिसते ना, तिच्याकडंच बघा. आता पापणी लववू नका.’

‘दिसतीय की. पण डोळं चुरचुरतंय वो.’

पहिला स्कॅन आला तो करडा, मळकट. सिग्नलचा, म्हणजे परतलेला प्रकाश किती चांगला पकडला गेला त्याचा, आकडा दहापैकी ५. या यंत्रात ६ च्या खालचा स्कॅन धरायचा नाही असा संकेत आहे. संगणकानं मारलेली खालची रेघ एका जागी चक्क थराच्या मधूनच गेलेली, आणि गोल चित्रातला त्या बाजूचा भाग, म्हणजे घर, लालभडक. कृत्रिम अश्रूंचा एक-एक थेंब घातला, चार वेळा डोळे मिटायला लावले, पुन्हा घेतला. सिग्नल ८, रेघ जाग्यावर, घर हिरवं. माणूस तोच, थर तोच. पहिला कागद तसाच फाईलला लावला असता तर मामा घरी जाऊन काय करत बसले असते, तुम्हीच सांगा.

मोतीबिंदू असला तरी हेच होतं. धुरकट भिंगातून प्रकाश कमी जातो, सिग्नल पडतो आणि थर आहे त्यापेक्षा पातळ मोजला जातो. ऑपरेशननंतर पुन्हा स्कॅन केला तर आकडा वाढलेला दिसतो. तंतू वाढलेले नसतात, काच पुसलेली असते.

आता मूळ प्रश्न. मोजलं ९२. हे बरं की वाईट?

त्यासाठी निरोगी माणसं लागतात, आणि निरोगी माणूस शोधणं हे वाटतं त्याहून कटकटीचं काम आहे. समजा आपल्याच भागात असा अभ्यास करायचा ठरला. दवाखान्यात आलेल्यांना धरून चालणार नाही, कारण काहीतरी होतंय म्हणूनच ते आलेत. पेशंटबरोबर आलेली माणसं घेतात बऱ्याच ठिकाणी. पण ती सख्खी भावंडं किंवा मुलं असतील तर? काचबिंदू घराण्यात उतरतो, म्हणून ज्यांच्या घरी तो आहे त्यांना वगळावं लागतं. मग सुना, जावई, शेजारी. त्यांची नजर चष्म्यासह जवळजवळ पूर्ण हवी, डोळ्याचा दाब पाऱ्याच्या २१ मिलिमीटरच्या आत हवा, कडांच्या नजरेची तपासणी निर्दोष हवी, चष्म्याचा नंबर फार मोठा नको, डोळ्याचं ऑपरेशन झालेलं नको. मधुमेहवाले वगळायचे, कारण पडद्यावर साखरेचा डाग दिसायच्या आधीही हा थर थोडा पातळ झालेला असू शकतो. चाळिशीच्या पुढं ही चाळणी लावली की किती माणसं उरतात ते तुम्ही आपापल्या गल्लीत मोजून बघा.

शिवाय वयाच्या प्रत्येक दशकातली माणसं पुरेशी हवीत. नाहीतर कॉलेजची पोरं सहज मिळतात म्हणून अभ्यास त्यांनीच भरतो आणि निपाणीच्या सत्तर वर्षांच्या विडीकामगार आजींना विशीच्या मापानं मोजलं जातं. आणि एका माणसाचा एकच डोळा धरायचा. दोन डोळे धरले की संख्या दुप्पट दिसते, पण माणसं तेवढीच. एकाचे दोन डोळे एकमेकांसारखेच असतात.

एवढं करून जे आकडे येतात त्यांची सरासरी काढतात आणि ते किती पसरलेत ते बघतात. दिल्लीच्या एम्समधल्या डॉक्टरांनी २००४ मध्ये १४६ निरोगी भारतीयांचे आकडे छापले. सरासरी १०४ मायक्रॉन, आणि शंभरातले पंच्याण्णव जण साधारण ८७ ते १२१ यांच्या दरम्यान. अमेरिकेत २००७ मध्ये १८ ते ८५ वयाच्या ३२८ निरोगी लोकांवरचा अभ्यास आला, त्यात सरासरी १००. हे दोन्ही जुन्या, आरसा हलणाऱ्या यंत्रावरचे. पुढच्या पिढीच्या यंत्रावर निरोगी डोळ्यांची सरासरी ९० ते १०० च्या घरात येते.

८७ आणि १२१ हे दोन आकडे पुन्हा वाचा. दोघंही ठणठणीत, आणि दोघांत ३४ मायक्रॉनचं अंतर. एकाकडे जन्मतःच तंतूंची श्रीमंती, दुसऱ्याकडे बेताचं. उंचीसारखंच आहे हे, पाच फुटी माणूस काही आजारी नसतो.

रंग येतात ते या पसाऱ्यातून. निरोगी लोकांना पातळ थरापासून जाड थरापर्यंत ओळीनं उभं केलं तर सगळ्यात पातळ १ टक्का म्हणजे लाल, त्यानंतरचे ४ टक्के पिवळे, पुढचे ९० टक्के हिरवे आणि सगळ्यात जाड ५ टक्के पांढरे. म्हणजे लाल-पिवळ्या रंगाची व्याख्याच निरोगी माणसांतून केलेली आहे. शंभर निरोगी माणसं आणून बसवली तर साधारण पाचजणांची सरासरी पिवळी किंवा लाल येणारच. त्यांना काही झालेलं नसतं.

कागदावर तर एकच आकडा नसतो. एका डोळ्याला बारा तासांच्या घड्याळासारखी बारा घरं असतात. प्रत्येक घरात ५ टक्के शक्यता, आणि घरं एकमेकांपासून स्वतंत्र धरली, तर निरोगी डोळ्यात एखादं तरी घर रंगून येण्याची शक्यता ४६ टक्के निघते. प्रत्यक्षात शेजारची घरं एकमेकांवर अवलंबून असतात, त्यामुळे आकडा इतका मोठा राहत नाही. पण एकच घर पिवळं दिसलं म्हणून रडारड करण्यात काही हशील नाही, एवढं यातून कळावं. डॉक्टर लोकांत याला लाल आजार म्हणतात : कागदावर आहे, डोळ्यात नाही.

आता या ओळीत उभे केलेले लोक कोण, हे बघायला गेलं की माझ्यासारख्याला थोडा राग येतो. एका प्रसिद्ध यंत्रात तुलनेसाठी भरलेल्या माहितीसाठ्यात १८ ते ८४ वयाचे २८४ लोक आहेत. त्यात भारतीय जेमतेम एक टक्का. दुसऱ्या एकाच्या सुरुवातीच्या साठ्यात २०१ जण होते, सगळे युरोपीय वंशाचे. खानापूरच्या शेतकऱ्याचा डोळा हिरवा की पिवळा हे परदेशातली ही दोन-तीनशे माणसं ठरवतात. वंशाप्रमाणे या थरात काही मायक्रॉनचा फरक पडतो हे अभ्यासांत दिसलेलं आहे. त्या २००७ च्या अमेरिकी अभ्यासातही गोऱ्या लोकांचा थर इतरांपेक्षा थोडा पातळ निघाला होता. म्हणजे आपला माणूस गोऱ्यांच्या मापात हिरवा दिसतो, पण स्वतःच्या लोकांच्या मापात कदाचित काठावर असतो. भारतीय आकडे छापून आलेत, पण छापून येणं वेगळं आणि मशीनच्या पोटात जाणं वेगळं.

वय ही एक गोष्ट मशीन विचारात घेतं. निरोगी माणसाचाही थर दर दहा वर्षांनी साधारण २ मायक्रॉननी कमी होतो. पंचविशीत १०० असेल तर पासष्टीला ९२ च्या आसपास येणं हे वयाचंच काम. म्हणून मशीन तुमच्या वयाच्या लोकांशीच तुलना करतं. पण कुठल्या वयाच्या? नोंदणीच्या टेबलावर सांगितलेल्या. आमच्याकडे निम्म्या आज्या-आजोबांच्या आधारकार्डावर जन्मतारीख एक जानेवारी आहे आणि साल अंदाजपंचे. ‘आमी जल्मलो तवा मोठा पूर आल्ता’ यापलीकडे माहिती नसते. वय पाच-दहा वर्षांनी चुकलं की काठावरचं घर हिरव्याचं पिवळं किंवा पिवळ्याचं हिरवं व्हायला वेळ लागत नाही. मी आताशा थोरल्या मुलाचं वय विचारून ताळा करून घेतो.

डोळ्याची लांबी मात्र बहुतेक यंत्रं विचारात घेत नाहीत. चष्म्याचा मायनस नंबर मोठा, म्हणजे डोळा लांब. साधारण डोळा साडेतेवीस मिलिमीटरचा. मायनस सहा-सातवाल्याचा २६ चा असू शकतो. लांब डोळ्यात मशीनचं ते वर्तुळ पडद्यावर प्रत्यक्षात मोठं पडतं. नाके शहरापासून लांब गेले, माणसं तेवढीच, दाटी कमी. लांबीच्या प्रत्येक मिलिमीटरमागे सुमारे २.२ मायक्रॉन थर पातळ मोजला जातो, असं त्याच अमेरिकी अभ्यासात दिसलं. अडीच मिलिमीटरला साडेपाच मायक्रॉन झाले. त्यात अशा डोळ्यात वरखालचे दोन्ही उंचवटे कानाच्या बाजूला सरकलेले असतात. मशीन जिथं उंचवटा शोधतं तिथं तो नसतो, आणि चांगल्या धडधाकट इंजिनिअरिंगच्या पोराच्या कागदावर वर नि खाली लाल पट्टे उमटतात. जाड चष्म्याच्या माणसानं रंगावर सगळ्यात कमी विश्वास ठेवावा.

उलटी बाजूही सांगायला हवी, नाहीतर वाचणारा म्हणेल की हे सगळं थोतांडच आहे. तसं अजिबात नाही. हिरव्या आजाराचा धोका लाल आजाराहून मोठा आहे. ज्याची सुरुवातच ११५ पासून झाली, तो २० मायक्रॉन गमावून ९५ वर आला तरी कागद हिरवागार. त्याच्या डोळ्यात काचबिंदू चांगला रुजलेला असू शकतो. रंग त्याला सांगणार नाही. जुना कागद सांगेल.

म्हणून पस्तिशी-चाळिशीत, विशेषतः घरात कुणाला काचबिंदू असेल तर, डोळे बरे असतानाच डॉक्टरांच्या सल्ल्यानं एक चांगला स्कॅन करून ठेवणं मला शहाणपणाचं वाटतं. तो तुमचा स्वतःचा माहितीसाठा. त्यात युरोपीय कुणी नसतो, लांबीचा घोळ नसतो. तुमचा डोळा, तुमचीच तुलना. पुढच्या वेळी दोन-तीन मायक्रॉन कमी आले तर दचकायचं कारण नाही. एकाच माणसाचा त्याच यंत्रावर पुन्हा स्कॅन घेतला तरी सरासरीत ४ मायक्रॉनपर्यंतचा फरक मोजण्यातच बसतो. त्याहून जास्त घसरण, तीही दुसऱ्या-तिसऱ्या स्कॅनमध्ये टिकून राहिली, तर डॉक्टर कान टवकारतात.

आमच्या सीमाभागात यात एक खास अडचण आहे. माणूस एकदा बेळगावात दाखवतो, मग पाहुण्यांच्या सांगण्यावरून मिरजेला, पुढं मुलगा हुबळीला नोकरीला म्हणून तिकडं. निपाणी-संकेश्वरवाले तर कोल्हापूरच गाठतात. तीन गावं, तीन यंत्रं. एकाच निरोगी डोळ्याची जाडी जुन्या पिढीच्या यंत्रावर नव्यापेक्षा ५ ते १० मायक्रॉननी जास्त यायची; आजच्या दोन कंपन्यांचे आकडेही एकमेकांशी तंतोतंत जुळत नाहीत, कारण वर्तुळ वेगळं, रेघ मारायची रीत वेगळी. मिरजेचे ९८ आणि बेळगावचे ९१ शेजारी ठेवून ‘सात कमी झाले’ म्हणणं चूक. दाखवायचं ते कुठंही दाखवा, पण स्कॅन शक्यतो एकाच यंत्रावर करा. कागदावर यंत्राचं नाव छापलेलं असतंच. आणि कागद हातात पडला की आकड्याआधी सिग्नल बघा. तो कमी असेल तर पुन्हा काढून द्या म्हणायला लाजू नका; कागदावर पैसे तुमचेच गेलेत.

ज्यांना काचबिंदू पुढं गेलेला आहे त्यांच्यासाठी वेगळी गोष्ट. हा आकडा शून्यावर येत नाही. सगळे तंतू गेले तरी रक्तवाहिन्या आणि आधाराच्या पेशी मागं उरतात, त्यामुळे ५० ते ५५ च्या आसपास तो थबकतो. ५२ चा पुढच्या वर्षी ५२ च आला म्हणून ‘आजार थांबला’ असं कुणी म्हणू नये. तिथं मशीनचं काम संपतं आणि कडांच्या नजरेची तपासणीच खरं सांगते.

राहिला पांढरा रंग. थर जाड, म्हणजे उत्तम, असा समज सगळ्यांचा होतो, आणि पाच टक्क्यांत बसणाऱ्या निरोगी माणसाच्या बाबतीत तो खराही असतो. पण चकतीला सूज आली की तंतूही सुजतात आणि आकडा दीडशे-दोनशेच्या पुढं जाऊ शकतो. डोक्यातला दाब वाढला, नसेला दाह झाला, की असं होतं. काही महिन्यांनी सूज उतरते, आणि ती उतरताना आकडा आपसूक ९५ वर येतो, हिरवा होतो, आणि तंतू मेले असतील तर मग आणखी खाली जातो. मधल्या कुठल्या दिवशी स्कॅन केला त्यावर कागदाचा रंग ठरतो. म्हणून डोकं सतत दुखतंय, उलटी होतेय, नजर मिनिटभर अंधारून परत येतेय, किंवा डोळा हलवताना दुखतोय आणि रंग फिके दिसतायत, असं असेल तर कागद पांढरा आला म्हणून घरी जायचं नाही. त्याच दिवशी डॉक्टरांना ही लक्षणं सांगायची.